फी सरकारची, जागा कुणाची?

जून-जुलै महिने आले की मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तिन्ही तालुक्यांत सेतू केंद्रांपुढे पालकांच्या रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँकेचे खाते अशी कागदपत्रांची जुळवाजुळव चाललेली असते. रांगेत उभा असलेला मनुष्य बहुधा रोजच्या मजुरीवर पाणी सोडून आलेला असतो. भांडुपच्या चाळीतील रिक्षाचालक असो, दहिसरच्या वस्तीतील घरकामगार बाई असो वा घाटकोपरच्या टेकडीवर राहणारा सफाई कामगार असो, प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब असतो : मुलीला अभियांत्रिकीला जागा मिळाली, आता फीचे काय?

या प्रश्नाला महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने एक उत्तर दिले आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात मिळणारी निम्मी सवलत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पूर्ण करण्यात आली. त्यापोटी सुमारे ९०६ कोटी रुपयांचा वाढीव भार शासनाने स्वीकारला. ही सवलत केवळ सरकारी व अनुदानित महाविद्यालयांपुरती नाही, तर कायम विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांनाही ती लागू आहे. निर्णय स्वागतार्ह आहे, हे प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. मुलाच्या फीसाठी कर्ज काढायचे आणि मुलीला बारावीनंतर घरी बसवायचे, हा गरीब घरांतला नियम मोडण्यासाठी या सवलतीचा उपयोग होणार आहे. खाजगी संस्थांना सार्वजनिक पैसा मिळतो एवढ्याच कारणाने जो समाजवादी या सवलतीला विरोध करील, तो तत्त्वाच्या नावाखाली त्या मुलीलाच विरोध करील.

परंतु स्वागत करणे वेगळे आणि समाधान मानणे वेगळे. सार्वजनिक तिजोरीतून एखाद्या खाजगी संस्थेची फी भरली जाते, तेव्हा समाजाच्या हाती नेमके काय येते? एका मुलीचे शिक्षण येते, हे खरे. पण त्या संस्थेच्या फीवर, जागांवर, शिक्षकांच्या वेतनावर आणि हिशेबाच्या वह्यांवर समाजाचा काही हक्क निर्माण होतो का? आजच्या व्यवस्थेत तो जवळजवळ होत नाही, आणि या योजनेतील खरी उणीव हीच आहे.

अनुदानाकडून प्रतिपूर्तीकडे

महाराष्ट्रात विद्यार्थ्याला फीची मदत देण्याची परंपरा नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी जो आक्षेप नोंदवला त्याचे सार असे होते की, सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरांना मिळतो. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की शिक्षण खाते हे घेतले तितके परत देणारे दुकान नव्हे, ज्यांची ऐपत नाही त्यांच्यापर्यंत शिक्षण पोहोचवणे हेच त्याचे काम आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते असताना, १९४४ मध्ये, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ई.बी.सी. सवलत आली आणि वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुले फीमाफीवर शिकू लागली. आज निवृत्तीला पोचलेल्या कितीतरी शिक्षकांचे, कारकुनांचे आणि अभियंत्यांचे शिक्षण या तीन अक्षरांवर झाले आहे.

त्या जुन्या व्यवस्थेचा एक विशेष आज विस्मरणात गेला आहे. तेव्हाची बहुतेक महाविद्यालये खाजगी संस्थांनी चालवलेली असली तरी ती अनुदानित होती. शिक्षकांचे वेतन सरकारी अनुदानातून होत असे, फी नियमाने ठरत असे आणि हिशेब तपासले जात. विलेपार्ले, मुलुंड, घाटकोपर येथील जुनी कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालये याच व्यवस्थेत वाढली. विद्यार्थ्याला दिलेली फीमाफी आणि संस्थेवरचे सार्वजनिक नियंत्रण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. संस्था खाजगी, पण जागा सार्वजनिक, असे तिचे सूत्र होते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि हे सूत्र मोडले. त्याच वर्षी वांद्रे आणि विद्याविहार येथे खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. पुढे बोरिवली, कांदिवली, विलेपार्ले, अंधेरी असा त्यांचा विस्तार झाला. अंधेरीत तर हा बदल एकाच आवारात पाहता येतो. भारतीय विद्या भवनच्या मुन्शीनगर येथील आवारात १९६२ पासून सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय अनुदानावर चालते. त्याच आवारात १९९० नंतर विनाअनुदानित शाखा सुरू झाली आणि कालांतराने तिची स्वतंत्र संस्था झाली. फाटक एक, विद्यापीठ एक, पदवीही एकाच दर्जाची. परंतु अनुदानित जागेची फी आणि विनाअनुदानित जागेची फी यांत कितीतरी पटींचे अंतर. यात त्या संस्थेचा दोष शोधण्याचे कारण नाही. शासनाने अनुदान देणे थांबवले की शिक्षणाची किंमत कुणाच्या खिशात जाऊन बसते, याचे ते ठळक उदाहरण आहे.

न्यायालयांनी बदललेला हिशेब

फी कुणी भरायची, हा वाद त्यानंतर न्यायालयांत गेला. महाराष्ट्राने १९८७ मध्ये देणगीशुल्काला बंदी करणारा कायदा केला होता, तरी व्यवहार थांबला नव्हता. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोडगा काढला. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणवत्तेवर, सरकारी दराच्या फीत द्यायच्या. उरलेल्या निम्म्या जागांवर जास्त फी घ्यायची. महाराष्ट्रातील पालकांना ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द तेव्हापासून परिचयाचे झाले. त्या व्यवस्थेत अन्याय होते. पैसेवाल्यांची फी गुणवंताच्या फीचा भार वाहते म्हणताना, शहरातील चांगल्या शाळांतली सुखवस्तू मुलेच फ्री सीटवर जात आणि ग्रामीण शेतकऱ्याला जमीन विकून पेमेंट सीट घ्यावी लागे, असेही घडले. परंतु एक गोष्ट त्यात होती : सवलतीच्या शिक्षणाचा खर्च संस्थेच्या एकूण उत्पन्नातूनच निघत असे.

२००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ही योजना रद्द झाली आणि २००५ च्या इनामदार निकालाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. एका विद्यार्थ्याच्या फीतून दुसऱ्याची सवलत भागवू नये, संस्थेने वाजवी शिल्लक ठेवावी पण नफेखोरी करू नये, आणि फी प्रत्येक संस्थेच्या खर्चावरून ठरावी, असे नवे तत्त्व आले. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली शुल्क नियामक प्राधिकरण हे काम करते. म्हणजे २००२ पूर्वी सवलतीचा जो भार संस्थेच्या व श्रीमंत पालकांच्या गळ्यात होता, तो त्यानंतर सरकारी तिजोरीवर आला. फीची प्रतिपूर्ती नावाची जी योजना आज चालते, तिचा जन्म असा आहे. तिजोरीने भार उचलला; पण अनुदानाच्या काळात त्या भाराबरोबर जे नियंत्रण येत असे, ते मात्र आले नाही.

तिजोरी, संस्था आणि विद्यार्थी

अर्थशास्त्रातील एक साधा नियम येथे लक्षात घेतला पाहिजे. वस्तू एकाने घ्यायची, पैसे दुसऱ्याने द्यायचे आणि किंमत विकणाऱ्याच्या खर्चावरून ठरायची, अशी रचना झाली की खर्च वाढवून दाखवण्याकडे विकणाऱ्याचा कल राहतो. अमेरिकेत १९७२ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय अनुदान सुरू झाले, आणि १९८७ मध्ये तेथील शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी आरोप केला की सरकारी मदत वाढते तशी महाविद्यालये फी वाढवतात. त्या आरोपाच्या व्याप्तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांच्या बाबतीत त्याला बळकट आधार मिळाला आहे. शेजारच्या आंध्र प्रदेशात २००८ पासून फी प्रतिपूर्तीची मोठी योजना आली. लाखो गरीब मुले त्यामुळे पदवीपर्यंत पोचली. पण तिच्या आधारावर अभियांत्रिकी महाविद्यालयांचे अमाप पीकही आले, आणि सरकारकडून थकबाकी राहू लागताच त्यांतील अनेक डळमळू लागली.

महाराष्ट्रातही थकबाकी हा या योजनेचा दुखरा भाग आहे. संस्थाचालक म्हणतात की सरकारचे पैसे वेळेवर येत नाहीत, मग शिक्षकांचे पगार कसे करायचे? छोट्या संस्थांच्या बाबतीत ही अडचण खरी आहे. परंतु तिचे ओझे शेवटी कुणाच्या डोक्यावर येते? प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून पूर्ण फी मागू नये असे शासनाने वारंवार बजावले आहे. तरीही “आधी भरा, सरकारचे आले की परत घ्या” असे सांगितले जाते, आणि ज्याला परत मिळेपर्यंत थांबता येत नाही, तोच मुळात या योजनेचा लाभार्थी असतो. सरकार उशीर करते, संस्था थांबत नाही, आणि मध्ये बाप व्याजाने पैसे काढतो. सरकारच्या उशिराचे व्याज गरिबाने भरायचे, असा हा व्यवहार आहे.

मुलांच्या बाबतीत तर अर्धी फी घरच्यांनीच भरायची असते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना खुल्या प्रवर्गातील गरीब मुलाला शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम देते. समजा, फी दीड लाख रुपये आहे आणि घराचे मासिक उत्पन्न वीस हजार. सरकारने पाऊण लाख दिले तरी उरलेले पाऊण लाख म्हणजे त्या कुटुंबाची जवळजवळ चार महिन्यांची पूर्ण कमाई झाली. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फी पूर्ण मिळते. पण पदवी अभियांत्रिकीच्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता मिळतो तो वर्षाला ७००० रुपये, म्हणजे महिन्याला सहाशेहून कमी, आणि तोही कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तरच. लोकलचा पास, पुस्तके, प्रकल्पाचे साहित्य आणि दुपारचे जेवण यांचा मेळ या रकमेत कसा बसावा? शिक्षणाचा खर्च फीपाशी संपतो, असे शासनाने गृहीत धरलेले दिसते. गरिबाच्या घरात तो फीपासून सुरू होतो.

उपनगरांचे वेगळेपण

मुंबई उपनगरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. फीची मदत जागेच्या मागून येते. जागाच मिळाली नाही तर मदतीचा हक्क कागदावर राहतो. उपनगरांतील अनेक नामवंत खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा आहे. घटनेच्या ९३ व्या दुरुस्तीने खाजगी संस्थांत मागासवर्गीयांसाठी राखीव जागा ठेवण्याचा अधिकार राज्याला दिला, परंतु अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. अल्पसंख्याकांचा हा हक्क घटनेने दिलेला आहे आणि समाजवाद्यांनी त्याचा मानच राखला पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, ज्या भागात दर्जेदार जागांपैकी मोठा हिस्सा अशा संस्थांत आहे, त्या भागातील दलित, आदिवासी व इतर मागास मुलांसाठी राज्याने दुसरीकडे किती सार्वजनिक जागा निर्माण केल्या?

दुसरी गळती विद्यापीठांच्या मार्गाने होते. ८ जुलै २०२४ च्या निर्णयातून खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. या संस्थांनी आपली फी आपण ठरवावी आणि सरकारने ती निमूट भरावी, असे होऊ नये म्हणून हे वगळणे समजण्यासारखे आहे. पण त्याचा परिणाम काय होतो? विद्याविहार येथे १९८३ पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय २०१९ मध्ये स्थापन झालेल्या सोमय्या विद्याविहार या स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाचा भाग झाले. कायद्याने ही मुभा दिली आहे. पण अशा प्रत्येक स्थित्यंतरासरशी मध्य उपनगरांतील मुलामुलींच्या दृष्टीने शासकीय फीसवलतीच्या कक्षेतील जागा कमी होतात, आणि त्या बदल्यात नव्या सार्वजनिक जागा देण्याचे बंधन कुणावरच नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. कित्येक देशांच्या लोकसंख्येहून मोठ्या अशा या जिल्ह्यात राज्य सरकारचे महाविद्यालय कोणते, असे विचारले तर जोगेश्वरीच्या टेकडीवरील १९३० सालचे इस्माईल युसुफ महाविद्यालय हेच नाव प्रथम आठवते. गिरण्या बंद पडल्या, कारखान्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, वस्ती कितीतरी पटींनी वाढली; पण परकीय सरकारने टेकडीवर उभारलेल्या त्या महाविद्यालयाच्या तोडीचे किती प्रयत्न स्वराज्यातील सरकारने उपनगरांत केले? जे उभे राहिले ते बहुतांशी खाजगी संस्थांनी उभे केले. २००१ नंतर तर नवी महाविद्यालये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच देण्याचे धोरण आले. ज्या अनुदानित महाविद्यालयांनी उपनगरांतील दोन पिढ्या शिकवल्या, तेथील शिक्षकांच्या जागा निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापक तुटपुंज्या मानधनावर त्या वर्गांचा गाडा ओढतात, आणि त्याच इमारतीत विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे वर्ग वाढत जातात. एका हाताने अनुदान आखडते घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने खाजगी संस्थेतील फी भरायची, हा काटकसरीचा मार्ग नव्हे. ती जबाबदारीची टाळाटाळ आहे.

काय मागायचे?

खाजगी संस्थेत सार्वजनिक पैसा देऊ नये, हा आग्रह आजच्या परिस्थितीत गरीब विद्यार्थ्याला रस्त्यावर आणील. उलट, पैसा विद्यार्थ्यामागून जाऊ द्या, बाजार बाकीचे पाहून घेईल, ही भूमिका तिजोरी रिती करील आणि फी वाढवील. या दोन्हींच्या पलीकडचा मार्ग आहे. चिलीत २०११ मध्ये विद्यार्थ्यांचे प्रचंड आंदोलन झाले आणि २०१६ पासून गरीब व निम्न मध्यम थरांतील विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षण मोफत होऊ लागले. त्या योजनेत खाजगी संस्थांनाही स्थान आहे, पण अटींवर. संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी, तिला दर्जाची मान्यता असावी, फीचा दर सरकार ठरवील तो तिने स्वीकारावा आणि लाभार्थी विद्यार्थ्याकडून वेगळा पैसा मागू नये. दोष त्या योजनेतही आहेत, पण सार्वजनिक पैशाबरोबर सार्वजनिक अट आली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे.

महाराष्ट्रातील मागणी याच धर्तीवर मांडली पाहिजे. पहिली गोष्ट, सरकारने फीची रक्कम सत्रारंभी ठरलेल्या तारखेला संस्थेकडे भरावी, उशीर झाल्यास त्याचे व्याज सरकारने द्यावे, आणि पात्र विद्यार्थ्याकडे प्रवेशाच्या वेळी फी मागणे हा दंडनीय अपराध ठरवावा. दुसरी, ज्या संस्थेच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा प्रतिपूर्तीतून येतो तिने आपले तपासलेले जमाखर्च आणि शिक्षकांना प्रत्यक्ष दिलेले वेतन लोकांसमोर मांडावे. कागदावर एक पगार आणि हातात दुसरा, ही विनाअनुदानित संस्थांतील शिक्षकांची तक्रार जुनी आहे, आणि फी जर खर्चावरून ठरते तर हा प्रश्न केवळ शिक्षकांचा राहत नाही. तिसरी, सवलत फीपुरती न ठेवता प्रवास, पुस्तके आणि वसतिगृह यांचा वास्तव खर्च तिच्यात धरावा आणि गरीब मुलांनाही मुलींप्रमाणे पूर्ण फीमाफी मिळावी. चौथी, संलग्न महाविद्यालय स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात जाते तेव्हा सवलतीच्या पूर्वीच्या जागा नियंत्रित फीत कायम ठेवण्याची अट घालावी. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची : अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे भरावीत व उपनगरांत नवी सरकारी महाविद्यालये काढावीत. सार्वजनिक जागा जवळ असेल तरच खाजगी संस्थेच्या फीला खराखुरा लगाम बसतो. कोणत्याही प्राधिकरणाच्या आदेशापेक्षा तो अधिक परिणामकारक असतो.

या मागण्या ठराव करून मिळणार नाहीत. मृणाल गोरे यांनी गोरेगावात पाण्याचा प्रश्न हाती घेतला तो नळापाशी उभे राहून. उपनगरांतील कार्यकर्त्यांनी फीचा प्रश्न सेतू केंद्राच्या रांगेपासून हाती घेतला पाहिजे. पक्षाच्या प्रत्येक कचेरीत प्रवेशाच्या दोन महिन्यांत अर्ज भरण्यास मदत करणारी दोन माणसे बसावीत. कोणाकडून किती फी आगाऊ घेतली, कोणाचा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडला, याची नोंद ठेवावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हातात आहे. कोणत्या महाविद्यालयाला किती प्रतिपूर्ती मिळाली आणि किती थकली, याचे आकडे त्याखाली मागावेत आणि वस्तीतील सभांत वाचून दाखवावेत. तेथेच लोकांच्या ध्यानात येईल की ही फी सरकार भरत नाही. काडीपेटीपासून साबणापर्यंतच्या प्रत्येक खरेदीवर कर देणारी तीच माणसे ती भरीत आहेत. ज्याने पैसा दिला त्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो, हे व्यापाऱ्यांच्या पेढीवर कुणाला शिकवावे लागत नाही. रांगेत उभ्या असलेल्या रिक्षाचालकाला तेवढे समजले, तर तो उद्या मुलीच्या फीबरोबरच तिच्या जागेचाही हक्क मागील.